तुमच्या घरी चुली किती?

सायकलच्या दांडीला लटकलेला वजनाचा स्प्रिंगचा काटा, मागं कॅरिअरवर सुतळीनं करकचून बांधलेली कागदांची पेटी आणि डोक्याला पांढरा रुमाल. असा माणूस सानगडीच्या रस्त्यानं येताना दिसला की धानाच्या बांधीत वाकलेल्या बाया कंबर सरळ करून म्हणायच्या, "आला वो माय, चुलीवाला आला!" मग त्यांच्यात हशा पिकायचा. सायकलवाला मान खाली घालून पायडल मारत राहायचा.

त्याचं नाव श्रावण लांजेवार. मूळचा अड्याळचा. घरी धानाच्या चार बांध्या. मॅट्रिक झाला आणि एकाहत्तर साली भंडाऱ्याला आकडेवारीच्या कार्यालयात अन्वेषक म्हणून लागला, तोही हंगामी. 'अन्वेषक' हा शब्द त्याच्या बापाच्या जिभेवर कधी बसलाच नाही. "माझा पोरगा अनोशक आहे," असं तो अड्याळच्या बाजारात सांगायचा, आणि ऐकणारा कळवळून विचारायचा, "काहून बा? जेवनगिवन नाई भेटत का त्याले?"

आधीची काही वर्षं श्रावणनं पिकं मोजली, ढोरं मोजली, विहिरी मोजल्या. मग त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरात मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, महाग झालं. दुकानापुढं माणसांऐवजी डबेच रांगेत उभे राहू लागले. प्रत्येक डब्यात एक दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून. त्याच सुमारास वर कुणाच्या तरी लक्षात आलं असावं की हा देश नेमका जाळतो काय, ते आपल्याला पुरतं माहीत नाही. नुसत्या बोलण्यात वर्षं गेली आणि अठ्ठ्याहत्तर साली नागपूरला अन्वेषकांचं तीन दिवसांचं शिक्षण ठेवलं गेलं.

तिथं शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं आलं किती, उजवीकडं गेलं कुठं. दगडी कोळसा खाणीच्या तोंडाशी मोजला जातो. वीज तारेत शिरताना मोजली जाते आणि मीटरमधून उतरताना पुन्हा मोजली जाते. डिझेल टाकीत मोजतात, पंपावर मोजतात. रेल्वेनं किती जाळलं, कारखान्यानं किती, शेतीनं किती, वाटेत वाया किती गेलं, सगळं मांडायचं आणि दोन्ही बाजू जुळवायच्या. "पण या देशातली मोठी आग चुलीत जळते," साहेब म्हणाले, "आणि चुलीला मीटर नाही. तुम्हीच मीटर."

श्रावणला हे आपल्या परीनं चटकन समजलं. त्याच्या डोळ्यांपुढं तलाव उभा राहिला. पाटानं पाणी आलं किती, कोणत्या बांधीला गेलं किती, उन्हानं किती खाल्लं, पाळीतून किती झिरपलं. आलेलं आणि गेलेलं जुळलं नाही तर कुठंतरी भोक आहे किंवा कुणीतरी चोरून पाणी वळवलं आहे. यात अवघड काय?

अवघड होता तक्त्यातला चौथा रकाना. घरातील चुलींची संख्या.

संक्रांतीच्या आधी तो उमरटोल्याला गेला. सानगडीच्या पलीकडं, तलावाच्या पाळीला टेकून बसलेलं बत्तीस घरांचं गाव. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपलेली, दारोदारी तनसाचे, धानाच्या पेंढ्याचे ढीग, आणि सकाळी सगळ्या गावावर निळ्या धुराची घोंगडी पांघरलेली. काम साधं होतं. घरात दिवसभराचं जळण मोजून द्यायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं पुन्हा काट्याला लावायचं, आणि रकाने भरायचे. पहिलंच घर कुंताबाईचं. दारात उखळ, उखळापाशी कुंताबाई.

"बाई, तुमच्या घरी चुली किती?"

मुसळ वरच्या वर थांबलं.

"एक. दोन कायले राहीन? आमच्या घरी का वाटनी झाली? कोन सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही सांगितलं. कागदात विचारलं आहे."

"कागदाले मना, तोंड सांभाळून बोल!"

श्रावणनं एक लिहिलं. दुसऱ्या घरी एक. तिसऱ्या घरी म्हाताऱ्यानं नुसतं एक बोट वर केलं आणि तोंड फिरवलं. चौथ्या घरी तर बाई रडायलाच आली, "आमचे दोघं भाऊ राम-लक्ष्मनावानी राह्यतेत, आन् तुमी आमच्या चुली मोजाले आले!" आठवड्यानं श्रावण भंडाऱ्याला परतला तेव्हा त्याच्या पेटीत बत्तीस घरं होती आणि बत्तीस चुली.

त्याचे वरिष्ठ ताराचंदजी. हडकुळे, कानामागं पेन्सिल, बोलणं कमी. ते रकान्यावरून पेन्सिल वरून खाली सरकवत नेत. पेन्सिल जिथं थांबे तिथं चूक सापडलेली असे. त्या दिवशी पेन्सिल पहिल्याच पानावर थांबली.

"लांजेवार, उमरटोल्यात माणसं राहतात का लोहार?"

"माणसं, साहेब."

"मग एका चुलीत दिवसाला बावीस किलो लाकूड कसं जळलं? चुली आहेत का भट्ट्या? पुन्हा जा. आणि ऐक, तक्ता एकदा परत आला तर चूक म्हणतात. दुसऱ्यांदा आला तर यादीतून नाव कमी होतं. हंगामी माणसाला तिसरी वेळ नसते. गुरुवारी मी स्वतः तपासायला येतो."

सात वर्षं झाली होती श्रावणला, हंगामी म्हणून. कायम होण्याच्या यादीत यंदा त्याचं नाव होतं. तोंड कडू करून तो घरी आला आणि बायकोला, ललिताबाईला, सगळं सांगून बसला. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"बावीस किलो मोजलं ते खरं आहे," तो म्हणाला. "माझा काटा खोटा नाही."

"आपल्या घरी चुली किती?" तिनं वर न बघता विचारलं.

"एक."

"मंग न्हानीतलं पानी का सूर्यनारायन तापवून देते तुमाले? आन् गाईचं आंबोन? ते का मी तळहातावर शिजवतो?"

श्रावण बघतच राहिला. न्हाणीपाशी एक चूल होती. गोठ्याशी तीन दगडांची दुसरी. उन्हाळ्यात अंगणात मांडतात ती तिसरी. रोज त्यांच्या धुरातून तो ये-जा करत होता. पण 'चुली किती' म्हटलं की त्याच्याही तोंडून 'एक'च निघालं होतं. कारण त्याच्या मुलखात चूल म्हणजे माती-दगडाची वस्तूच नव्हे. चूल म्हणजे घर. दोन चुली म्हणजे भाऊ भावापासून तुटला. नागपूरच्या साहेबांनी विचारलं होतं किती ठिकाणी जाळता, आणि श्रावण दारोदार जाऊन विचारत होता, तुमचं घर फुटलं काय?

"दुसऱ्याइच्या चुली मोजत फिरते हा माणूस," ललिताबाई सुपाला म्हणाली, "आन् घरचा धूर याले दिसत नाई."

धूर! दुसऱ्या फेरीत त्यानं प्रश्नच बदलला. कुंताबाईच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, "बाई, तुमच्या घरी धूर किती ठिकाणून निघते?"

"धूर?" कुंताबाई खुशीत आली. "गंज ठिकाणून निघते बाप्पा! स्वयंपाकाचा निघते, आंघोळीच्या पान्याचा निघते, ढोराइच्या आंबोनाचा निघते, धान उकडाचा राहिला तं तोबी निघते. या ना, दाखवतो."

तीन दिवसांत एकतीस घरांच्या एकशे तीन चुली झाल्या. प्रत्येकीचं जळण वेगळं मोजलं. ढोराच्या चुलीला बुडखे आणि धानाचा कोंडा, न्हाणीला गोवऱ्या आणि पालापाचोळा, स्वयंपाकाला फोडलेलं लाकूड. सगळं काट्याला लागलं. श्रावणला आता राख बघूनही सांगता यायला लागलं, इथं काय जळलं ते. आकडे असे चपखल बसत होते, की बुधवारी सकाळी तो शीळ घालत शेवटच्या घरी गेला. कापगत्यांच्या.

या घराला गावात मान होता. भय्याजी कापगते सत्तरी ओलांडलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडलेला, दिवसभर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसून. खुशाल आणि इश्वर हे दोन मुलगे, खुशालची रुखमा आणि इश्वरची बेबीबाई या सुना, नातवंडं धरून बारा माणसं. पहिल्या फेरीत भय्याजींनी श्रावणला बसवून घेऊन सगळी चौकशी केली होती आणि तलावाचा दाखला ऐकून मांडी थोपटली होती. "हे तं आमचंच काम जी! बापजाद्यापासून तलावाचं पानी वाटत आलो. लिव्हा, बारा मानसं, एक चूल. माझा भाऊ वेगळा निघाला त्या दिवशी मी तीन दिवस जेवलो नाई. तो मेला तरी बोलनं नोयतं आमचं. ह्या घरात मंग म्या सांगून ठेवलं, माझ्या जितेपनी चूल फुटली तं मी ह्या घरचं पानी पेनार नाई."

त्या बुधवारी श्रावणनं आतली चूल मोजली. रुखमा धावड्याचं लाकूड जाळत होती. न्हाणीची मोजली. मग घरामागच्या वाडीत गेला, गोठ्याशेजारी, ढोरांच्या चुलीपाशी. तिला लागून आणखी एक चूल होती. तिच्यापाशी तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, रचलेल्या होत्या, वीतवीतभर मोडून, एकसारख्या. त्यानं राख चिमटीत घेतली. हलकी, पांढरी. ढोराचं आंबोण रटरटायला बुडखा लागतो. तुराटीचा भडका लागतो तो भाकरीला. आणि हवेत लसणाच्या फोडणीचा वास होता.

मागं रुखमा येऊन उभी होती.

"बाई," श्रावण हसत म्हणाला, "तुमचे बैल फोडणीचं खातात काय?"

रुखमा हसली नाही. तिच्या हातातला पाण्याचा गडवा खाली सांडला.

तिनं मग सगळं सांगितलं, वाडीतल्या वालाच्या मांडवाआड उभं राहून. गावात दोन वर्षांमागं वीज आली. इश्वरचं म्हणणं, विहिरीवर मोटार बसवू, उन्हाळी धान घेऊ. खुशालचं म्हणणं, तलावावर चार पिढ्या जगल्या, तारेवर कायले जगाचं? शब्दाला शब्द लागला. दिवाळीपासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. बेबीबाई वाडीत शिजवायला लागली. फक्त सासऱ्याला कळू द्यायचं नाही, एवढ्यापुरतं चौघांचं एकमत होतं. दोन्ही वेळा भात रुखमाच्या चुलीवरचा आणि वरण-भाजी बेबीबाईच्या चुलीवरची, एका ताटात वाढून सपरीत जायची. कधी ही अंगण ओलांडायची, कधी ती.

"मामाजीले डोयानं दिसत नाई मनून निभलं," रुखमा म्हणाली. "तुमी एकच लिव्हा जी. ते आहेत तवरक एकच लिव्हा."

"बाई, मला खोटं लिहिता येत नाही. हा आकडा दिल्लीपर्यंत जाते."

"दिल्लीले आमच्या घरच्या चुलीचं काय करायचं आहे? तिकडे का भाकर पोचवाची आहे आमाले?"

श्रावणनं पेटीतून तक्ता काढून उलटा केला. अडचण नुसती चुलीची असती तर श्रावणनं वाडीतली चूल चौथी म्हणून लिहून टाकली असती. पण तक्त्याच्या मागच्या पानावर नियम छापलेला होता. एका चुलीवर शिजलेलं खाणारी माणसं, ते एक कुटुंब. खाणं वेगळं तर कुटुंब वेगळं, तक्ता वेगळा. शिवाय भरलेला तक्ता घरातल्या कर्त्याला वाचून दाखवायचा आणि मगच त्याचा अंगठा घ्यायचा. एकच तक्ता भरला तर ताराचंदजींची पेन्सिल त्या तुराट्यांवर थांबणार आणि श्रावणचं नाव यादीतून जाणार. दोन भरले तर आंधळ्या म्हाताऱ्यापुढं मोठ्यानं वाचून त्याचं घर आपल्याच तोंडानं फोडायचं.

गुरुवारी ताराचंदजी सकाळच्या एसटीनं सानगडीला उतरले. श्रावण त्यांना डबलसीट घेऊन आला. वाटेत तीनदा त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि तीनदा चढ आला. एकतीस घरं बघून झाली, पेन्सिल कुठंच थांबली नाही. ताराचंदजींनी चक्क श्रावणच्या पाठीवर हात ठेवला. ते बत्तिसाव्या घरी निघाले तेव्हा श्रावणच्या पेटीत कापगत्यांचा तक्ता अर्धा कोरा होता.

सपरीत खाटेवर भय्याजी. एका खांबाला खुशाल टेकलेला, दुसऱ्या खांबाला इश्वर, दोघांची तोंडं दोन दिशांना. आतल्या दारात रुखमा, तिच्या मागं बेबीबाई.

"चौथा रकाना कोरा का?" ताराचंदजींनी विचारलं. "चुली किती?"

श्रावणनं रुखमाकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"साहेब, इथं..." तो म्हणाला आणि अडखळला.

"स्वयंपाकाच्या दोन," खाटेवरून आवाज आला. "लिव्हा."

दोन्ही खांबांकडची तोंडं खाटेकडं वळली. भय्याजी आपल्या पांढऱ्या बुबुळांनी समोर बघत होते.

"डोये गेले, नाक गेलं नाई. रुखमाच्या भाताले धावड्याचा वास येते. बेबीच्या वरनाले तुराटीचा धूर लागते. दिवाळीपासून माझ्या ताटात दोन धूर आहेत. मले का समजत नाई?"

"मामाजी..." रुखमाच्या तोंडून निघालं आणि तोंडाशी धरलेला पदर सुटला.

"पानी नाई सोडलं म्या, हे पाह्यलं ना?" म्हातारा म्हणाला. "बोललो होतो खरा. पन दोघी सुना अंगन ओलांडून एक ताट भरतेत, तं त्या ताटाले लाथ कशी माराची? मनून आंधळा होऊन बसलो."

ताराचंदजींनी घसा साफ केला. त्यांना रकान्याशी काम होतं. "मग आजोबा, नियमानं दोन कुटुंबं होतात. तक्ते दोन."

"दोन तं दोन. मले एक सांगा साहेब. मी कोनत्या कागदावर?"

"जिथं जेवता तिथं."

"भात इकडचा, वरन तिकडचं."

पेन्सिल कानामागून निघाली, पण टेकली कुठंच नाही. "दोन्हीत लिहिता येणार नाही," ताराचंदजी म्हणाले. "एक माणूस दोनदा मोजला तर पुढचा सगळा हिशेब बुडतो."

"ते बरोबर आहे," भय्याजी लगेच म्हणाले. तलावाचं पाणी वाटणारा माणूस. "एक पानी दोन बांध्याइत कसं मोजान? मंग झोपन्यावरून लिव्हा."

"झोपता कुठं?"

"ह्या सपरीत."

"सपरी कोणाच्या वाट्याची?"

"वाटनी झालीच कोठी जी? चूलच तेवढी फुटली."

ताराचंदजींनी पेन्सिल पुन्हा कानामागं ठेवली. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांचा अशा माणसाशी मुकाबला झाला नसावा. म्हाताऱ्यानं आता मान खांबांकडं वळवली. आधी एका, मग दुसऱ्या.

"सांगा बा तुमीच. मले कोन्या कागदावर टाकता?"

"माझ्या," खुशाल म्हणाला.

"माझ्या," इश्वरही म्हणाला. त्याच क्षणाला.

"कायले तुझ्या?" खुशाल खांब सोडून पुढं आला. "मोठा मी आहो."

"मोठा आहेस तं? बाबाले दवाखान्यात कोन नेते? बाबाच्या तोंडातली भाजी कोनाच्या घरची राह्यते?"

"भाजीनं पोट भरते? भात कोनाचा?"

"भात सुकाच खातेत का ते? वरन नाई लागत?"

"अबे, तुले मोटारीचं पडलं आहे, बाबाचं कायले घेतं?"

"मोटार का मी एकट्यासाठी मांगून राहिलो? विहीर दोघाइची, पानी दोघाइचं!"

आवाज चढले. शेजारची कुंताबाई उखळ सोडून कुंपणाशी आली. श्रावण मधे पडायला निघाला, तर ताराचंदजींनी त्याच्या मनगटाला धरून थांबवलं. आतल्या दारात बेबीबाई जावेच्या खांद्यावर तोंड लपवून हसत होती का रडत होती, ते कळत नव्हतं. रुखमाच्या डोळ्यांतून मात्र सरळ धारा लागल्या होत्या. दिवाळीपासून पहिल्यांदा भाऊ भावाशी बोलत होता.

भय्याजी मांडीवर हात ठेवून ऐकत होते, भजन ऐकावं तसं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "साहेब, हे आज काई मिटत नाई."

"नाही मिटत," ताराचंदजी म्हणाले. ते श्रावणकडं वळले. "लांजेवार, जळण प्रत्येक चुलीचं वेगळं मोजलंस ना?"

"हो साहेब. धावडा सहा किलो चारशे, तुराट्या साडेचार. न्हाणी वेगळी, ढोरांचं वेगळं."

"जळलेलं सगळं कागदावर आहे, एकही काडी चोरली नाही. मग तक्ता एक कर. कुटुंबाचा वाद आहे असा शेरा मार, त्याखाली मी सही करतो. म्हातारा ज्याच्या वाट्याला जाईल त्या दिवशी दोन करू."

श्रावणनं शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'स्वयंपाकाच्या चुली दोन, ताट एक.' ताराचंदजींनी वाचलं. पेन्सिल 'ताट' शब्दावर थांबली. मग पुढं सरकली आणि खाली सही झाली. भय्याजींचा अंगठा श्रावणनं स्वतः शाईत बुडवून टेकवला. जाडजूड, फुटलेल्या रेघांचा अंगठा होता. तक्त्याच्या चौकटीत मावला नाही.

पुढच्या वर्षी श्रावण कायम झाला. उमरटोल्याच्या एकशे सात चुली जिल्ह्याच्या बेरजेत गेल्या, जिल्हा राज्यात, राज्य देशात. कुठंतरी जाडजूड पुस्तकात कोळसा, तेल आणि विजेच्या खाली 'लाकूड व इतर जळण' अशी एक ओळ छापली गेली. ते पुस्तक भंडाऱ्याच्या कार्यालयातही आलं. श्रावणनं ते घरी नेऊन ललिताबाईला दाखवलं. तिनं ओळीवर बोट फिरवून विचारलं, "यात आपला धूर कोनता?" तो म्हणाला, "आहे, यातच आहे." ती म्हणाली, "मंग बरं."

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तशीच एक पाहणी पुन्हा निघाली. उमरटोला त्यानं मागून घेतला. आता सायकलऐवजी कार्यालयाची मोटारसायकल होती, पण काटा तोच. तलाव तोच होता, सकाळच्या धुराची घोंगडी मात्र जरा विरळ झाली होती. धावड्यासाठी बायांना आता दुप्पट लांब जंगलात जावं लागत होतं. कापगत्यांच्या विहिरीवर मोटार चालू होती. सपरीत खाट नव्हती.

रुखमाचे केस पांढरे झाले होते. तिनं त्याला ओळखलं आणि सुपारी पुढं केली.

"चुली किती, बाई?" त्यानं मुद्दाम जुना प्रश्न विचारला.

"एक," तिच्या तोंडून निघालं. मग ती हसली. "दोन लिव्हा जी. दोन कागद काढा. आता कोन ऐकते?"

"मोटार?"

"ते दोघाइनं मिळून घेतली. चूल काई एक झाली नाई. बेबीले तिकट लागते, आमाले झेपत नाई." मग तिनं सुपारीची डबी मिटली. "मामाजीले तीन वर्ष झाले. तुमचा तो वाद ते सगळ्याइले सांगत. मनत, माझ्यापायी सरकारची पेन्सिल थांबली होती."

"शेवटी कुणाकडं राहिले?"

"कोनाकडेच नाई. सपरीत." तिनं अंगणाकडं पाहिलं. "गेले त्या दिवशी पंचाईत झाली पाहा. मयतीपुढं मडक्यात निखाऱ्याचा इस्तो न्यावा लागते ना घरचा? घरचा मनजे कोनत्या चुलीचा? सारे एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राहिले. मंग इश्वरभाऊजीच म्हनले, दोन्ही चुलीचा टाका. मंग माझ्या चुलीतले धावड्याचे निखारे घातले, बेबीच्या चुलीतल्या तुराट्याचे. मडकं आमच्या घरच्याइनं धरलं, मोठे ते."

श्रावणनं पेटी उघडली. एक तक्ता काढला, मग दुसरा. दोन्हीवर गावाचं नाव घातलं, घरक्रमांकापुढं एकावर 'अ' आणि एकावर 'ब'. तोवर बेबीबाई वाडीतून आली, हातात वालाच्या शेंगांची भाजी. रुखमानं आतून गरम भात आणला. दोघींनी मिळून एकच ताट त्याच्यापुढं ठेवलं.

"जेवा जी," बेबीबाई म्हणाली. "मंग काटा लावा."

त्यानं पहिला घास उचलला आणि तोंडात घालण्याआधी नाकाशी नेला. धावडा कुठला, तुराटी कुठली, हुंगून पाहिलं. इतक्या वर्षांत हजारो चुलींची राख त्यानं चिमटीत घेतली होती. तरी त्याला दोन धूर वेगळे काढता आले नाहीत. घास गरम होता. तो जेवायला लागला.